शहरभरच्या वाय-फाय मेशसाठी रेडिओ निवडताना: कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी

पालिकेच्या मेश जाळ्यासाठी, म्हणजे खांबांवरचे रेडिओ एकमेकांकडून सिग्नल पुढे नेतात अशा वाय-फाय जाळ्यासाठी, रेडिओ ठरवण्याचं काम आजपासून सुरू. मागणीच्या कागदावर चार गोष्टी आहेत: चौकांतले कॅमेरे, वॉर्ड ऑफिसांची जोडणी, बाजारपेठेत आणि बस स्टँडवर लोकांसाठी मोफत वाय-फाय, आणि पाण्याच्या मीटरचं वाचन. हे सगळं एकाच प्रकारच्या रेडिओवर चालावं, असंही लिहिलंय. ही अट सगळ्यात आधी काढून घ्यायला हवी.

पाण्याचा मीटर दिवसाकाठी मोजके बाइट पाठवतो, तेही जमिनीखालच्या चेंबरमधून आणि बॅटरीवर. त्याला वाय-फाय देण्यात अर्थ नाही. लोरासारखा कमी फ्रिक्वेन्सीचा, कमी वेगाचा रेडिओ हे काम कितीतरी चांगलं करतो. कॅमेऱ्याचं उलट. एचडी चित्राला साधारण ४ एमबीपीएस लागतात, अखंड, आणि सगळा ओघ खांबाकडून केंद्राकडे. मीटर आजच यादीतून काढले.

उरलेल्या कामाचे तीन थर पाडले. फोन आणि लॅपटॉपशी बोलणारा रेडिओ, खांबाखांबांतला मेश रेडिओ, आणि मेशला फायबरपर्यंत नेणारा लांब पल्ल्याचा रेडिओ. तिन्हींची निवड स्वतंत्र करायची, एकाच पेटीत बसले तर बसले.

शहरभर वाय-फाय ही कल्पना नवी नाही. फिलाडेल्फियात २००४ मध्ये असं जाळं जाहीर झालं आणि २००८ मध्ये ते चालवणारी कंपनी बाहेर पडली. त्या काळातल्या अशा अनेक जाळ्यांची अडचण एकसारखी होती: कागदावर धरले त्यापेक्षा बरेच जास्त खांब लागले, आणि घरात सिग्नल पोचेना. दुसरीकडे कॅटलोनियातलं लोकांनी उभारलेलं गुइफी हे जाळं २००४ पासून वाढतंच गेलं, बर्लिनचं फ्रायफुंकही टिकलं. तिथे रेडिओ छपरांवर गेले, जागा बघून बसवले गेले. म्हणून आपणही कॅटलॉगच्या आधी जागा बघणार.

१३ फेब्रुवारी

खांब पाहायला सुरुवात. दिवाबत्ती विभागाचे एक जुने वायरमन बरोबर होते. बाजारपेठेतल्या खांबाचं झाकण उघडून त्यांनी टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही.

“साहेब, या लायनीला दिवसा लाइट नसते. पलीकडच्या पॅनेलात टायमर आहे. संध्याकाळी सगळी लाइन एकदम चालू होते.”

हे वाक्य कुठल्याही डेटाशीटमध्ये सापडणार नाही आणि निम्मी निवड त्यावरच ठरते. जिथे प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर स्वतंत्र फोटोसेल (अंधार पडला की दिवा लावणारं सेन्सर) असतो तिथे खांबावर चोवीस तास वीज मिळते. तिथे फोटोसेलच्या सॉकेटमध्ये अॅडॉप्टर बसवून रेडिओला पुरवठा घेता येतो. जिथे अख्खी लाइन एकाच टायमरवर आहे तिथे तीनच मार्ग: खांबापर्यंत वेगळी कायम चालू असलेली वायर ओढणं, रात्री चार्ज होणारी बॅटरी लावणं, किंवा जवळच्या इमारतीतून नेटवर्क केबलवरूनच वीज देणं.

बॅटरीचा हिशोब लगेच मांडला. १४ वॅटचा रेडिओ दिवसाचे १३ तास चालवायचा म्हणजे १८२ वॅट-तास. लीड-अॅसिड बॅटरी निम्मीच रिकामी करायची असं धरलं तर १२ व्होल्टची ३० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. एवढं वजन खांबावर चढवायचं, वर दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं. रेडिओ ७ वॅटचा असेल तर हे सगळं निम्म्यावर येतं. त्यामुळे तुलनेच्या तक्त्यात पहिला रकाना आता वेगाचा नाही, पूर्ण लोडवर किती वॅट खातो याचा आहे.

खांबांची यादी करताना प्रत्येकासमोर लिहितोय: उंची, दिवसा वीज आहे की नाही, अर्थिंग आहे का, जवळचं झाड, दिसणारा पुढचा खांब. मालकी कोणाची हेही लिहितोय, कारण सगळे खांब पालिकेचे नसतात आणि परवानगीला रेडिओपेक्षा जास्त वेळ लागतो.

२० फेब्रुवारी

आज हवेतली गर्दी मोजली. रस्त्यावर लॅपटॉप धरून स्कॅन केलं तर २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी दिसते, पण सहन होण्याजोगी. तेच हायड्रॉलिक शिडीवरून दिव्याच्या उंचीवर केलं की चित्र पालटतं. खाली भिंती आणि वाहनं आड येतात, वर काहीच आड येत नाही. जितकं लांबचं ऐकू यायला हवं तितकंच लांबचं नको असलेलंही ऐकू येतं. जमिनीवरचा सर्व्हे मेशसाठी बाद धरावा.

२.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. बाजारपेठेत तिन्ही भरलेले. म्हणून खांबाखांबांतली जोडणी २.४ वर करायची नाही, हे पक्कं. तो बँड फक्त फोनसाठी, तोही २० मेगाहर्ट्झवरच.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा आहे, पण ८० मेगाहर्ट्झचा मोकळा पट्टा शिडीच्या उंचीवर क्वचितच मिळाला. ४० चे मिळतात. डेटाशीटवरचे मोठे आकडे ८० किंवा १६० मेगाहर्ट्झवरचे असतात. आपल्याला ४० वर काय मिळतं तेच बघायचं.

२६ फेब्रुवारी

नियमांचा दिवस. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण टाळलं तर विकत घेतलेला रेडिओ कपाटात जातो.

महत्त्वाचा आकडा ईआयआरपीचा, म्हणजे रेडिओची ताकद (डीबीएममध्ये) आणि अँटेनाचा गेन (एका दिशेला झोत करून मिळणारी वाढ, डीबीआयमध्ये) मिळून बाहेर पडणारी शक्ती; दर ३ डीबीला शक्ती दुप्पट. ही मर्यादा देशागणिक आणि बँडगणिक बदलते. युरोपात २.४ ला २० डीबीएम, ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झला ३० डीबीएम. अमेरिकेत ५७२५ ते ५८५० मध्ये एका खांबावरून अनेकांशी बोलताना ३६ डीबीएम, आणि दोन ठरावीक ठिकाणांमधल्या जोडणीला त्याहून बरीच सूट. आपल्या देशाचा तक्ता समोर ठेवल्याशिवाय अँटेना निवडू नये.

यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मर्यादा बाहेर जाणाऱ्या शक्तीवर आहे, ऐकण्यावर नाही. १३ डीबीआयची अँटेना काढून १६ ची लावली तर नियमाप्रमाणे पॉवर ३ डीबीने उतरवावी लागते, म्हणजे पाठवण्यात फायदा शून्य. पण ऐकताना ३ डीबी पूर्ण मिळतात, आणि अरुंद झोतामुळे बाजूचा गोंगाटही कमी आत येतो. मोठी अँटेना आणि कमी पॉवर हे माझ्या मते शहरासाठी योग्य गणित आहे.

दुसरा मुद्दा डीएफएसचा, म्हणजे रडारला वाट करून देण्याच्या नियमाचा. ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात रडार चालतात. तिथे रेडिओला सुरू होण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. युरोपात ५६०० ते ५६५० या हवामान रडारच्या पट्ट्यात तर १० मिनिटं. रडार दिसला की चॅनेल सोडायचा आणि ३० मिनिटं परत यायचं नाही. एकट्या घरगुती राउटरला हे चालून जातं. मेशमध्ये मधल्या खांबाने चॅनेल सोडला की त्याच्या मागचे सगळे खांब तुटतात. शिवाय काही रेडिओ शेजारच्या साध्या वाय-फायलाच रडार समजतात. फायबरकडे नेणाऱ्या जोडण्या या पट्ट्यात ठेवायच्या नाहीत, असं आज ठरवलं. नमुने मागवताना प्रत्येक विक्रेत्याला विचारायचा प्रश्न: डीएफएस प्रमाणपत्र आहे का, आणि चॅनेल बदलताना शेजारच्या खांबांना आधी कळवता येतं का.

५ मार्च

लिंक बजेट, म्हणजे एका टोकाहून निघालेला सिग्नल दुसऱ्या टोकाला किती उरतो याचा हिशोब. आपल्याकडे खांबांमधली लांब जोडणी ६०० मीटरच्या आसपास आहे. ५.८ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत १ किलोमीटरला १०७.७ डीबी हरवतात, ६०० मीटरला १०३.३. दोन्ही टोकांना १३ डीबीआयच्या अँटेना, रेडिओची पॉवर १७ डीबीएम धरली म्हणजे ईआयआरपी ३० डीबीएम होते. १७ अधिक १३ अधिक १३ वजा १०३.३, म्हणजे उणे ६०.३ डीबीएम. कनेक्टर आणि थोड्या चुकलेल्या रोखाचे ३ डीबी वजा केले की उणे ६३.

४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला रेडिओचा स्वतःचा गोंगाट धरून तळ उणे ९२ च्या आसपास. फरक २९ डीबी, म्हणजे ६४-क्वाम आरामात (क्वाम ही सिग्नलमध्ये डेटा भरण्याची पद्धत; आकडा मोठा तितका वेग जास्त, पण सिग्नलही तितका स्वच्छ हवा). पण हा तळ निर्जन माळावरचा आहे. शिडीवरून बाजारपेठेत उणे ८० च्या आसपासचा गोंगाट दिसला होता. तो धरला की फरक १७ वर येतो आणि जोडणी १६-क्वामपर्यंत घसरते. रेडिओ तोच, अंतर तेच, वेग बराच खाली. २५६-क्वामसाठी जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत, हे या हिशोबातूनच ठरलं.

डेटाशीट वाचताना एक जागा नीट बघावी. पहिल्या पानावर २७ किंवा ३० डीबीएम लिहिलेलं असतं. आतल्या तक्त्यात एमसीएसप्रमाणे, म्हणजे वेगाच्या पायरीप्रमाणे, पॉवर दिलेली असते, आणि वरच्या एमसीएसला ती ६-७ डीबीने खाली असते. मोठी पॉवर आणि मोठा वेग एकाच वेळी मिळत नाही. ज्या विक्रेत्याने हा तक्ता द्यायलाच नकार दिला त्याचा रेडिओ यादीतून काढला. त्यात पुढे विचार करण्यासारखं काही नव्हतं.

फ्रेनेल झोनही, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणारा पट्टाही, तपासला. ६०० मीटरच्या मध्यावर त्याची त्रिज्या २.८ मीटर. त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे साधारण १.७ मीटर, मोकळा हवा. फलक आणि कमानी नेमक्या याच उंचीवर असतात. दुर्बिणीतून समोरचा खांब दिसला म्हणजे जोडणी होईल असं नाही.

१४ मार्च

नमुने आले. नावं न लिहिता अ, ब, क म्हणतो.

अ मध्ये एकच ५ गिगाहर्ट्झ रेडिओ, मेश आणि ग्राहक दोन्ही त्यावरच. ब ‘ड्युअल-बँड’: २.४ वर फोन, ५ वर मेश. क मध्ये दोन स्वतंत्र ५ गिगाहर्ट्झ रेडिओ मेशसाठी आणि तिसरा २.४ चा फोनसाठी. तिन्ही ४० मेगाहर्ट्झवर, ओळीने लावलेल्या खांबांवर, आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने मोजले.

अ ने पहिल्या हॉपला, म्हणजे खांब ते खांब अशा पहिल्या उडीला, चांगला वेग दिला. दुसऱ्या हॉपला तो निम्म्याच्या खाली, तिसऱ्याला तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. हे अपेक्षितच आहे. एकच रेडिओ एका वेळी किंवा ऐकतो किंवा बोलतो, आणि मधला खांब प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत टाकतो. वर ग्राहकांची रहदारी त्याच चॅनेलवर.

ब बद्दल खूप जणांचा गैरसमज होतो म्हणून सविस्तर लिहितो. ड्युअल-बँड म्हणजे मेशला दोन रेडिओ नव्हेत. ग्राहक २.४ वर गेले एवढंच. मेशचा ५ गिगाहर्ट्झ रेडिओ अजून एकटाच आहे आणि दर हॉपला तीच घट सोसतो. आलेखात अ आणि ब च्या रेघा जवळजवळ एकमेकींवर पडल्या.

क मध्ये एक रेडिओ मागच्या खांबाशी एका चॅनेलवर बोलतो, दुसरा पुढच्या खांबाशी दुसऱ्या चॅनेलवर. टेबलावर तिसऱ्या हॉपलाही वेग जवळपास टिकला. खांबावर चढवल्यावर मात्र टिकला नाही. त्याचं कारण शोधण्यात बराच वेळ गेला. पुढची नोंद त्यावरच.

२२ मार्च

क चा एक रेडिओ पाठवत असताना त्याच पेटीतला दुसरा रेडिओ बहिरा होतो. टेबलावर पॉवर कमी ठेवली होती म्हणून दिसलं नाही. खांबावर पॉवर चढवली की दिसलं.

हिशोब साधा आहे. ५.८ गिगाहर्ट्झला १ मीटरवर ४७.७ डीबी हरवतात. एका रेडिओने २३ डीबीएमने पाठवलं तर मीटरभर अंतरावरच्या साध्या अँटेनाला ते उणे २५ ने ऐकू येतं. ५ गिगाहर्ट्झ वाय-फायच्या मानकात रिसीव्हरने उणे ३० डीबीएमपर्यंत सहन करावं एवढीच अपेक्षा आहे. चॅनेल वेगळा असला तरी फिल्टरच्या आधीचा अँप्लिफायर गुदमरतो. आणि क च्या पेटीत तर दोन्ही अँटेना वीतभर अंतरावर होत्या.

काय उपयोगी पडलं ते क्रमाने लिहितो. पहिलं, चॅनेल शक्य तेवढे लांब नेले, एक ५.२ च्या बाजूला, दुसरा ५.८ च्या बाजूला. थोडा फरक पडला. दुसरं, पेटीतल्या अँटेना सोडून बाहेरच्या सेक्टर (एकाच बाजूला झोत टाकणाऱ्या) अँटेना लावल्या, एकमेकींकडे पाठ करून. इथे मोठा फरक पडला. तिसरं, दोन्ही अँटेनांमध्ये उभं अंतर मीटरभर ठेवलं, मध्ये खांबाचंच लोखंड येईल असं. चौथं, पॉवर उतरवली. शेवटी एक साथ पाठवणं आणि ऐकणं व्यवस्थित चालू झालं.

यावरून क चा ‘सगळं एका पेटीत’ हा मोठा गुण वाटत होता तोच दोष ठरला. बाहेरच्या अँटेनाला कनेक्टर असलेला रेडिओच घ्यायचा, हे आज पक्कं झालं.

३ एप्रिल

फोनची बाजू.

बस स्टँडवर १२ डीबीआयची ओम्नी (चहूबाजूंना सिग्नल देणारी) अँटेना ९ मीटर उंचीवर लावून पाहिली. लांबच्या टोकाला सिग्नल उत्तम, अगदी खांबाखाली अडखळत. कारण भूमितीत आहे. ओम्नीचा गेन वाढतो तो वरखालचा झोत दाबून. १२ डीबीआयला उभा झोत साधारण ७ अंशांचा उरतो. खाली साडेतीन अंश. ९ मीटरवरून हातातल्या फोनपर्यंतचं अंतर साडेसात मीटर, तेव्हा मुख्य झोत जमिनीजवळ येतो १२० मीटरवर. त्याच्या आतली माणसं झोताच्या खालीच राहतात, आणि बस स्टँडवरची जवळजवळ सगळी माणसं त्याच्या आतच असतात. ६ डीबीआयची लावल्यावर झोत ३० मीटरच्या आसपासच जमिनीला टेकला आणि फलाटांवर सगळीकडे नीट चाललं.

दुसरी गोष्ट पॉवरची. खांबावरचा रेडिओ २७ डीबीएमने बोलू शकतो, फोन साधारण १५ ने. फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, कारण फोनचं उत्तर वर पोचतच नाही. लोक तक्रार करतात ती अशाच जागेवरून. खांबाची पॉवर फोनच्या जवळपास आणून ठेवली. व्याप्ती कागदावर आकसली, तक्रारीची जागा मात्र गेली. ज्याला वापरता येत नाही असा सिग्नल लोकांना दाखवणं मला पटत नाही.

११ एमबीपीएस आणि त्याखालचे जुने वेगही बंद केले. १५०० बाइटचं पॅकेट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद हवा अडते. दूरवर कोपऱ्यात उभा असा एक फोन सगळ्या स्टँडचा वेग खाली ओढतो.

१६ एप्रिल

पालवी फुटली. फेब्रुवारीत पास झालेल्या काही जोडण्या कोसळल्या. ५.८ गिगाहर्ट्झला दाट पानांतून दर मीटरला साधारण १ डीबी जातो, ओल्या पानांत त्याहून जास्त. आठ-दहा मीटरचा माथा आड आला की २५६-क्वाम काय आणि १६-क्वाम काय, सारखंच. याला रेडिओचं उत्तर नाही. ते खांब यादीतून काढले, बाजूच्या रस्त्याने वळसा घेतला, हॉप एकने वाढला. झाडं तोडायची सूचना आली होती, तिला ठाम नकार दिला.

२५ एप्रिल

एक रेडिओ आपोआप रीस्टार्ट होत होता. रिकामा असला की दिवसभर ठणठणीत, आयपर्फ३ लावलं की मिनिटाभरात बंद. रेडिओ बदलला, तरी तेच. सॉफ्टवेअर बदललं, तरी तेच. दोष केबलमध्ये निघाला.

हा खांब दिवसा वीज नसलेला. म्हणून ८० मीटरवरच्या वॉर्ड ऑफिसातून २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई, म्हणजे नेटवर्क केबलवरूनच वीजपुरवठा, दिला होता. केबलचं टोक सोलून ब्लेडने तार खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि खाली पांढरी चमक दिसली. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. आवरणावर मात्र कॅट-५ई, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क केबलची प्रत, असंच छापलेलं.

२४ गेजच्या चांगल्या तांब्याच्या तारेला जाऊन येऊन, दोन-दोन तारा जोडून, ८० मीटरला साधारण ६.७ ओहम रोध. मुलाम्याच्या तारेला त्याच्या सुमारे १.६ पट, १०.८ ओहम. २४ व्होल्टवर १०.८ ओहममधून टोकाला जास्तीत जास्त १३.३ वॅटच मिळू शकतात, काहीही केलं तरी. रेडिओ रिकामा असताना ६ वॅट घेतो, तेव्हा टोकाला २१ व्होल्ट दिसतात आणि मीटर लावणारा निर्धास्त होतो. पूर्ण लोडवर तो १४ वॅट मागतो. तेवढे मिळत नाहीत, व्होल्टेज कोसळतं, रेडिओ बंद पडतो, पुन्हा उठतो. तांब्याच्या केबलवर तोच रेडिओ १९ व्होल्टवर शांतपणे चालला.

दोन निर्णय. केबल शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायच्या उन्हाला टिकणाऱ्या आवरणाची, आणि प्रत्येक बंडलाचं टोक खरवडून तपासूनच ताब्यात घ्यायची. आणि रेडिओ ४८ व्होल्टच्या ८०२.३एटी या पीओई मानकावर चालणारा हवा; ते मानक टोकाला २५.५ वॅटपर्यंत देतं. दुप्पट व्होल्टेजला तेवढ्याच वॅटसाठी करंट निम्मा आणि तारेतला तोटा चौथा हिस्सा. शिवाय २४ व्होल्टचा पॅसिव्ह पुरवठा समोर कोण आहे ते न विचारता वीज सोडतो. मानकवाला आधी विचारतो. रात्री शिडीवर चुकीच्या सॉकेटात केबल जाणार, हे गृहीत धरूनच माल घ्यावा.

९ मे

सॉफ्टवेअर. इथे मतभेद झाले, म्हणून कारणं लिहून ठेवतो.

एका बाजूचं म्हणणं, एकाच कंपनीचं पूर्ण जाळं घ्यावं. त्यांचं टाइम-स्लॉटवालं (प्रत्येक रेडिओला बोलायची ठरावीक वेळ देणारं) स्वतःचं प्रोटोकॉल गर्दीत साध्या वाय-फायपेक्षा चांगलं चालतं, आणि ते खरंच चालतं, आम्ही पाहिलं. एकमेकांना न ऐकणारे दोन खांब तिसऱ्यावर एकदम बोलतात, ही मेशची जुनी दुखणी त्यात मिटतात. अडचण एवढीच की ते प्रोटोकॉल दुसऱ्या कोणाशी बोलत नाही. ते मॉडेल बंद झालं की अख्ख्या शहराचे खांब एकदम जुने होतात.

मार्ग असा काढला. फायबरकडे नेणाऱ्या जोडण्या जोडीजोडीने असतात, त्यात कंपनीचं प्रोटोकॉल चालेल. उद्या बदलायची वेळ आली तर एक जोडी बदलता येते. खांबाखांबांतल्या मेशला मात्र ८०२.११एस किंवा बॅटमॅन-अॅडव्ह या खुल्या मेश पद्धती चालवणारा, ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर बसवता येणारा रेडिओच. फ्लॅश १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी ही किमान अट, यापेक्षा लहान यंत्रांना नव्या आवृत्त्या नीट पेलत नाहीत.

मार्ग निवडण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावं लागलं. बॅटमॅनची चौथी पद्धत पॅकेट हरवण्यावर मार्ग ठरवते. हळू पण न हरवणारी लांब जोडणी तिला आवडते, आणि दोन वेगवान हॉप सोडून रहदारी तिकडे जाते. वेग मोजणारी पाचवी पद्धत लावल्यावर रहदारी योग्य बाजूला वळली.

अंतराची सेटिंग सगळ्या रेडिओंत आहे का तेही तपासा. पॅकेट मिळाल्याची पोच यायला किती थांबायचं ते तिथे ठरतं. ती नसेल तर लांबच्या जोडणीत पोच येण्याआधीच पॅकेट पुन्हा पाठवलं जातं आणि सिग्नल चांगला असूनही वेग निम्मा दिसतो.

२१ मे

६० गिगाहर्ट्झचे नमुने पाहिले. प्रत्येक चॅनेल २.१६ गिगाहर्ट्झ रुंद, शेजारचा गोंगाट जवळजवळ शून्य, वेग फायबरच्या जवळपास. बाजारपेठेतल्या ३०० मीटरच्या जोडणीवर निकाल फार छान आले आणि मला ते मनापासून आवडले.

मर्यादा अंतराची. ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला साधारण १५ डीबी खातो. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात आणखी १७ च्या आसपास. ३०० मीटरला हे दोन्ही मिळून १० डीबी, राखीव जागेत बसतं. ८०० मीटरला २५ च्या वर, तिथे पावसात जोडणी जाणार. शिवाय झोत इतका अरुंद की जड वाहन गेलं की डुलणारा दिव्याचा खांब चालत नाही. झोत स्वतः वळवू शकणाऱ्या अँटेनाचा रेडिओ किंवा इमारतीचा पक्का कठडा हवा.

फायबरच्या पहिल्या टप्प्याला, ४०० मीटरच्या आत, इमारत ते इमारत: ६० घ्यायचा. पलीकडे ५.८.

१२ जून

मोठा पाऊस झाला. ५.८ च्या सिग्नलवर परिणाम नगण्य. ओली झाडं आड असलेल्या जोडण्या आधीच काढल्या होत्या.

पाण्याने नुकसान केलं ते दुसरीकडून. एका पेटीचं वापरात नसलेलं केबल ग्लँड (पेटीत केबल आत घेण्याचं तोंड) उघडं आलं होतं आणि तसंच वर गेलं. दुसऱ्या ठिकाणी केबल वरून सरळ पेटीत उतरत होती. पाणी आवरणाच्या आतून झिरपत खालच्या स्विचपर्यंत गेलं आणि पोर्ट हिरवा पडला. आता प्रत्येक केबलला पेटीत शिरण्याआधी खाली झोळ देतो, ग्लँड नेहमी तळाकडून, न वापरलेल्याला बूच, आणि अँटेनाच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तीही खालून वर गुंडाळत, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. आयपी६७ (धूळ-पाणी आत न येण्याची प्रत) लिहिलेली पेटी उघड्या ग्लँडसकट आयपी शून्यच असते.

विजेच्या कडकडाटात बचावलेल्या सगळ्या पोर्टवर सर्ज प्रोटेक्टर होते आणि त्यांची अर्थ वायर खांबाच्या अर्थिंगला जोडलेली होती. नुसता प्रोटेक्टर लावून वायर लोंबकळत ठेवलेल्या ठिकाणी पोर्ट गेला.

२७ जून

निवड झाली. निविदेत कंपनीचं नाव न लिहिता गुण लिहिले आहेत.

मेशच्या खांबासाठी: ५ गिगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र रेडिओ, २×२ (पाठवायला दोन आणि ऐकायला दोन मार्ग), बाहेरच्या अँटेनाला कनेक्टर, ८०२.३एटी, पूर्ण लोडवर १५ वॅटच्या आत, ओपनडब्ल्यूआरटी. अँटेना १३ ते १६ डीबीआयच्या सेक्टर, मीटरभर उभं अंतर. जिथे अंतर ठेवायला खांब पुरेसा उंच नाही तिथे एकच रेडिओ, आणि तो खांब साखळीच्या शेवटीच. मधल्या जागी नाही.

फोनसाठी: २.४ आणि ५ चा वेगळा अॅक्सेस पॉइंट, ६ डीबीआयपर्यंतची अँटेना, त्याच खांबावर पण खालच्या बाजूला. फायबरपासून कोणताही खांब तीन हॉपपेक्षा लांब नसावा, ही अट रेडिओच्या अटींमध्येच लिहिली आहे. कारण ती पाळली नाही तर वरच्या कुठल्याच आकड्याला अर्थ उरत नाही.

विक्रेत्याने द्यायचं: प्रत्येक एमसीएसला किती पॉवर आणि किती संवेदनशीलता याचा तक्ता, आपल्या देशातलं प्रमाणपत्र, आणि ४० मेगाहर्ट्झवर, दोन्ही रेडिओ एकदम पाठवत असताना, तिसऱ्या हॉपचा मोजलेला वेग. चाचणी आपल्याच खांबांवर, आपल्या माणसांसमोर.

खर्चाचा अंदाज मांडला तेव्हा रेडिओ हा सगळ्यात मोठा भाग निघाला नाही. वीज, खांबावरचं काम, केबल, अर्थिंग आणि शिडी मिळून त्यापेक्षा जास्त झाले. म्हणून स्वस्त रेडिओ घेऊन वाचवलेला पैसा दोनदा शिडी चढवण्यात जातो, हे वित्त विभागाला आकड्यांनिशी दाखवलं आणि त्यांनी मान्य केलं.

बाकी राहिलेलं: टायमरवरच्या लाइनींसाठी वेगळी वायर कुठे आणि बॅटरी कुठे, याची यादी दिवाबत्ती विभागाबरोबर बसून करायची आहे. वायरमनकडे प्रत्येक पॅनेलच्या टायमरची वही आहे, ती आधी उतरवून घ्यायची.